वादळात शिरणारं विमान जमिनीवर बघायचं असेल तर

चक्रीवादळात शिरून मोजमाप घेणारी विमानं अमेरिकेत लोकांना बघायला ठेवतात. पहिल्या वेळी मी दोन तास रांगेत उभा राहिलो, विमानात चढलो आणि सात मिनिटांत मागून येणाऱ्या गर्दीबरोबर बाहेर पडलो. उन्हाने नाकाची सालं निघाली ती वेगळीच. घरी आल्यावर जावयाने विचारलं, "काय बघितलंत, बाबा?" मला धड सांगता येईना. एसटीच्या कार्यशाळेत एकतीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली झोपून काढलेला माणूस मी, आणि एवढं यंत्र समोर असताना त्याचं पोटही न बघता परत आलो. लाज वाटली. त्यानंतर फ्लोरिडात मुलीकडे राहायला आलो की हा कार्यक्रम चुकवत नाही. तीनदा झालं आता. तुम्ही पहिल्याच वेळी जाताना माझ्यासारखं करू नये म्हणून हे लिहितोय.

आधी विमानं कोणती ते. ही दोन घरची आहेत. एक घर नोआचं, म्हणजे अमेरिकेचं समुद्र आणि हवामान बघणारं सरकारी खातं. त्यांच्याकडे चार पंख्यांची दोन लॉकहीड ओरायन, ज्यांना सगळे नुसतं पी-३ म्हणतात, आणि एक गल्फस्ट्रीम-४ जेट. टीव्हीवरच्या बाहुल्यांची नावं दिलीत त्यांना: कर्मिट, मिस पिगी आणि गोंझो. नाकाजवळ चित्रंही काढलीत. दुसरं घर हवाई दलाच्या राखीव दलाचं, मिसिसिपीतल्या बिलॉक्सीला कीस्लर तळावरची ५३ वी हवामान टेहळणी तुकडी. त्यांच्याकडे दहा डब्ल्यूसी-१३०जे आहेत, पुढे मी त्यांना नुसतं सी-१३० किंवा सी-१३०जे म्हणतो. 'हरिकेन हंटर' (हरिकेन म्हणजे तिकडचं चक्रीवादळ) असं मुळात म्हणतात ते यांना, पण लोक दोन्ही घरांना तेच म्हणतात आणि कोणी फारसं मनावर घेत नाही.

कीस्लरला थेट जायचा विचार करू नका, तो लष्करी तळ आहे, फाटकावरूनच परत यावं लागेल. नोआच्या विमानांचं घर २०१७ पासून फ्लोरिडातल्या लेकलँड लिंडर विमानतळावर आहे, त्याआधी टँपाच्या मॅकडिल तळावर होतं. तिथेही हँगरचं दार वाजवून "दाखवता का" असं चालत नाही. म्हणून सोपा मार्ग म्हणजे विमानांनाच आपल्याकडे येऊ देणं. वादळांचा हंगाम १ जूनला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो. तो सुरू व्हायच्या आधी, साधारण एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला, ही विमानं आठवडाभराचा दौरा काढतात. 'हरिकेन अवेअरनेस टूर' त्याचं नाव. दिवसाला एक शहर. एखाद्या वर्षी आखाताची किनारपट्टी, एखाद्या वर्षी अटलांटिकची. पोर्टो रिको आणि कॅरिबियन बेटांसाठी हवाई दलाच्या विमानाचा वेगळा दौरा असतो, तो सहसा याच्या आधी. शहरं दरवर्षी बदलतात, नोआचं कोणतं विमान येणार तेही बदलतं. पी-३ येणार की जेट, हे वाचूनच निघा. मी दुसऱ्या वेळी पी-३ च्या आशेने गेलो आणि समोर जेट उभं! तेही छानच, पण वाईट वाटायचं ते वाटलंच.

तारखा नोआच्या संकेतस्थळावर आणि तुमच्या भागातल्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या कार्यालयाच्या पानावर येतात. प्रवेश फुकट असतो. सकाळचा वेळ बहुतेक शाळांच्या सहलींना राखलेला असतो आणि बाकीच्यांना दुपारी सोडतात. दुपारी म्हणजे कधी, ते त्या शहराच्या सूचनेत बघा. आणि निघायच्या तासभर आधी पुन्हा बघा. जवळपास वीज चमकायला लागली तर विमानतळाचं पटांगण रिकामं करतात, विमान कितीही शूर असलं तरी. एका वर्षी आम्ही असेच पाऊण तास इमारतीच्या वळचणीला थांबलो. शेजारचे एक गृहस्थ कुरकुरत होते, "हे हरिकेनमध्ये घुसतात आणि यांना चार सरी चालत नाहीत?" अहो, विमान नाही हो, उघड्यावर उभी असलेली पोरं!

सामान थोडं न्या. पाणी, टोपी, उन्हाचं मलम. पाठीवरच्या मोठ्या पिशव्या गाडीतच राहू द्या, आत अडचणच होते. बूट पायात घट्ट बसणारे हवेत, चपला नकोत. पी-३ चं दार डाव्या अंगाला, पंखाच्या मागे आहे, आणि वर जायला जिना कसला, शिडीच ती. गुडघ्यांचा त्रास असेल तर आधीच संयोजकांना विचारून ठेवा. माझ्या बायकोने त्या शिडीकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही या जाऊन, मी आहे इथे." ती पलीकडच्या सी-१३० च्या पंखाखाली जाऊन उभी राहिली. त्याचा पंख छताच्या उंचीवर असतो, पी-३ चा खाली. त्या सगळ्या पटांगणात तेवढीच काय ती सावली. मी घामाघूम होऊन उतरलो तेव्हा ती आणि मुलगी एका मेकॅनिकबरोबर हसत उभ्या होत्या, आणि माझ्यापेक्षा चौपट माहिती तिच्याकडे होती. पुढे सांगतोय त्यातलं निम्मं श्रेय तिचं.

तिच्याकडून शिकलो ते हे: गेल्या गेल्या रांगेत शिरू नका. शाळा निघून गेल्या आणि फाटक उघडलं की सगळी गर्दी थेट शिडीकडे धावते. धावू द्या. तेवढ्या वेळात विमानाला एक पूर्ण प्रदक्षिणा घाला, आणि शेपटाकडून सुरुवात करा. माझ्या हिशेबाने बघण्यासारखं निम्म्याहून जास्त बाहेरच आहे. आत जे दिसतं ते पडदे आणि खुर्च्या. बाहेर काय आहे ते डोक्यात बसलेलं असलं तर त्या पडद्यांवर काय येतं ते कळतं, नाहीतर आत सगळं बँकेच्या कार्यालयासारखं वाटतं.

पी-३ असेल तर शेपटाच्या टोकाला बघा. हे विमान मुळात नौदलासाठी, पाणबुड्या शोधायला बनवलेलं. नौदलाच्या विमानाला मागे एक लांब दांडा असतो, पाणबुडीच्या लोखंडाने चुंबकक्षेत्रात होणारा फरक टिपणारा. या दोघांच्या शेपटात त्याऐवजी डॉप्लर रडार बसवलंय. विमान पुढे जात असताना ते रडार आडवं फिरत वादळाचे काप घेतं, कलिंगड चिरून आत किती लाल आहे ते बघावं तसं. पाऊस कुठे आहे हे तर कळतंच, पण तो कुठल्या दिशेला किती वेगाने वाहतोय हेही कळतं. मग पोटाखाली वाका. खरंच वाका, मी तर गुडघ्यावर बसलो. तिथे एक मोठा फुगवटा आहे, तेही रडारच, भोवतालचा सगळा प्रदेश बघणारं. त्याच भागात पोटाला लहान लहान गोल भोकं दिसतील. नौदल त्यातून पाणबुडीचा आवाज ऐकणारी तरंगती यंत्रं टाकायचं. इथे त्यातून समुद्राचं तापमान मोजणारी नळी सोडता येते. पृष्ठभागाला पाणी ऊबदार असलं म्हणजे झालं असं नाही, खाली किती खोलवर ऊब आहे त्यावर वादळाचं खाणंपिणं अवलंबून असतं, कारण वारा पाणी घुसळून खालचं वर आणतो.

पुढे नाकाशी या. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा एक लांब दांडा भाल्यासारखा पुढे आलेला दिसेल. विमानाने स्वतः ढवळलेली हवा मोजून काय उपयोग? म्हणून मोजमाप त्याच्या पुढे, न हललेल्या हवेत. बसच्या टपावर वाऱ्याचा पंखा लावला तर तो बसचाच वारा दाखवणार, तसंच हे.

मग पंखे मोजा. पी-३ ला एका इंजिनावर चार पाती, सरळ, धातूची. शेजारच्या सी-१३०जे ला सहा, आणि ती कोयत्यासारखी वळलेली. मला विचाराल तर दोन विमानांमधला पिढ्यांचा फरक या पात्यांत जितका दिसतो तितका दुसरीकडे कुठेच दिसत नाही. पी-३ ची ही जोडी १९७० च्या दशकाच्या मध्यातली, वयाने पन्नाशीची. पण पंख जुने नाहीत, मध्यंतरी दोघांनाही नवे पंख बसवले आणि इंजिनांचंही काम केलं. आमच्याकडे जुन्या चेसिसवर नवी बॉडी चढवायचो, इथे उलट, बॉडी तीच आणि हातपाय नवे. आता मात्र नोआने त्यांच्या जागी नवी सी-१३०जे मागवलीत, ती २०३० च्या सुमारास येतील असं जाहीर झालंय. तेव्हा पी-३ बघायचं असेल तर फार वर्षं थांबू नका.

सी-१३० ला प्रदक्षिणा घालताना उजव्या पंखाखाली टांगलेली एक बंद कुपी शोधा. बहुतेक लोक तिला इंधनाची टाकी समजतात. टाक्याही आहेत, पण त्या वेगळ्या आणि खूप मोठ्या. या कुपीत सूक्ष्मलहरी, म्हणजे मायक्रोवेव्ह, टिपणारं यंत्र असतं. वारा जितका जोराचा तितका समुद्रावर फेस जास्त, आणि फेसाळ पाणी सूक्ष्मलहरींच्या नजरेला जास्त उजळ दिसतं. त्यावरून हजारो फुटांवरून समुद्रालगतचा वारा किती, ते काढतात. मधल्या पावसाचा हिशेब वजा करायला ते यंत्र एकापेक्षा जास्त लहरींवर ऐकतं. फेसावरून वारा! चहाच्या उकळीवरून गॅस किती मोठा आहे ते आपण सांगतोच की, तेच हे.

स्टिकरही बघायचे. पी-३ च्या अंगावर ज्या ज्या वादळात ते गेलं त्या प्रत्येकाच्या नावाचं स्टिकर आहे, ओळीने लावलेली. नातीने मोजायला घेतली, साठ-सत्तरच्या पुढे तिचा हिशेब चुकला आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. लहान मुलं बरोबर असतील तर रांगेतला वेळ काढायला याहून चांगलं काम नाही. १९८९ मधलं ह्यूगो शोधायला सांगा, कर्मिट समोर असेल तर.

ह्यूगोची गोष्ट रांगेत उभं असतानाच वाचून ठेवा, कारण ती विमानाकडे बघत वाचली तरच नीट कळते. विमानाच्या मागे उभे राहा, तोंड नाकाच्या दिशेला, आणि इंजिनं डावीकडून मोजा. एक, दोन, मधे धड, मग तीन, चार. म्हणजे तिसरं इंजिन उजव्या अंगाचं, धडाला लागून असलेलं. १५ सप्टेंबर १९८९ ला कर्मिट अवघ्या १,५०० फुटांवरून ह्यूगोत शिरलं. वादळ वाटलं होतं त्यापेक्षा फारच बलाढ्य निघालं. वादळाच्या डोळ्याभोवतीच्या, म्हणजे मधल्या मोकळ्या जागेभोवतीच्या, ढगांच्या भिंतीत विमान इतकं आपटलं की हेच तिसरं इंजिन बंद पडलं. कसंबसं ते डोळ्यात पोचलं. डोळ्यात हवा शांत असते, पण चारही बाजूंनी तीच भिंत, बाहेर पडायचं तर पुन्हा तिच्यातूनच. तीन इंजिनांवर आतल्या आत गोल गोल घिरट्या घालत, इंधन सांडून वजन कमी करत तासभर ते वर चढत राहिलं. तेवढ्यात हवाई दलाचं सी-१३० आलं, त्याने भिंतीतली त्यातल्या त्यात मऊ जागा हुडकून दिली आणि तिथून ते बाहेर पडलं. सगळे वाचले. आता पी-३ साधारण आठ ते दहा हजार फुटांवरून जातात.

इथे एक गैरसमज काढून टाका, तोच मीही घेऊन गेलो होतो. मला वाटायचं ताशी अडीचशे किलोमीटरचा वारा विमान मोडून टाकत असेल, म्हणून त्याला आतून तुळया-बिळया ठोकून मजबूत केलं असणार. तर सी-१३० ला तशी वेगळी मजबुती केलेलीच नाही. वारा नुसता जोराचा असला तर विमान त्याच्याबरोबर वाहतं, वैमानिक नाक वाऱ्याकडे तिरकं धरतो आणि खेकड्यासारखा पुढे सरकतो. त्रास होतो तो वाऱ्याचा जोर किंवा दिशा अचानक बदलली की, किंवा वर जाणाऱ्या झोताशेजारीच खाली येणारा झोत लागला की. घाटात गाडी वेगाने मोडत नाही, खड्ड्याने मोडते. एवढं एकदा समजलं की हे लोक रडारकडे एवढं का बघत बसतात ते कळतं. खड्डे चुकवत असतात.

आता रांगेत शिरा. तोवर ती निम्मी झालेली असेल.

पी-३ मध्ये चढल्यावर लोक आपोआप डावीकडे, कॉकपिटच्या दिशेने ओढले जातात. तिथे एकच गोष्ट नीट बघा: दोन वैमानिकांच्या मधे, जरा मागे तिसरी खुर्ची. ती फ्लाइट इंजिनियरची. चार इंजिनांचा ताप, तेलाचा दाब, इंधन, सगळं त्याच्या नजरेखाली. आता हेच सी-१३०जे मध्ये शोधा, तिथे इंजिनियरचं पद राहिलेलंच नाही, त्याचं काम संगणक करतो. सी-१३०जे वर माणसं पाचच: दोन वैमानिक, एक मार्गदर्शक (नेव्हिगेटर), एक हवामान अधिकारी आणि एक लोडमास्टर, म्हणजे सामान सांभाळणारा. मला ती इंजिनियरची खुर्ची बघून जरा गलबलून आलं, खोटं कशाला बोलू. आमच्या डेपोतही गाडीला कान लावून दुखणं सांगणारी माणसं गेली आणि मशीन जोडून आकडा वाचणारी आली. आकडा चुकत नाही हे मान्यच आहे.

मधल्या भागात संशोधकांच्या जागा, पडदे, पट्टे. खुर्चीचे पट्टे हातात घेऊन बघा, मोटारीसारखा एक पट्टा नसतो, खांद्यावरून आणि कमरेवरून येणारं सगळं जाळं असतं. आणि बघा की उघड्यावर काही नाही. पेन नाही, पेला नाही, वही नाही. प्रत्येक वस्तू बांधलेली, कोंबलेली किंवा कुलूपबंद. हादऱ्यात सुटी बाटली म्हणजे दगडच.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो नळीपाशी. ड्रॉपसोंड टाकायची नळी, दिसायला सांडपाण्याच्या पाइपासारखी जमिनीतून वर आलेली. ड्रॉपसोंड म्हणजे पुठ्ठ्याच्या नळकांड्यात बसवलेलं यंत्र, वजन अर्ध्या किलोहून कमी, डोक्याला छोटीशी हवाई छत्री. ते खाली सोडतात आणि समुद्रावर आदळेपर्यंतची तीन-चार मिनिटं ते दाब, तापमान, ओलावा सांगत राहतं. वारा मोजायला त्यात पंखा नाही. जीपीएसने ते स्वतः कुठे वाहवत चाललंय तेवढं बघतं, म्हणजे वारा आपोआप कळला. पाण्यात पडलं की संपलं, परत कोणी आणायला जात नाही. दौऱ्यात एखादा नमुना ठेवलेला असतो, हातात घेऊ देतात. घ्या. जेट विमान हेच काम ४१ ते ४५ हजार फुटांवरून करतं, वादळाच्या आत नाही, त्याच्या अवतीभवती फिरून. वादळ स्वतःचं स्वतः चालत नाही, भोवतालचे वारे त्याला ढकलतात. उद्या ते कुठे जाणार हे त्याच्या पोटात बघून कळत नाही, शेजारपाजारच्या हवेत बघावं लागतं. म्हणून दौऱ्यात फक्त जेट आलं तरी हिरमुसू नका. दिसायला ते एखाद्या शेठजीचं खाजगी विमान वाटतं, पण लोकांनी घर कधी सोडायचं हे ठरवण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

मिळालेली सगळी माहिती मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरला उडता उडताच पाठवतात, विमान उतरेपर्यंत थांबत नाहीत.

खाली उतरलात की गणवेशातल्या वैमानिकाभोवती पंधरावीस जण फोटोसाठी उभे असतील. तुम्ही चाकांकडे जा. तिथे, नाहीतर इंजिनाच्या सावलीत, हात मागे बांधून उभा असलेला एखादा माणूस असतो ज्याच्याशी कोणी बोलत नाही. तो मेकॅनिक. त्याला विचारा. "भीती वाटते का?" हे मात्र कोणालाच विचारू नका, दिवसभरात ते शंभरदा ऐकलेलं असतं आणि उत्तरही पाठ झालेलं असतं. शिवाय तो प्रश्न हसण्यावारी न्यायचाही नाही. १९५५ मध्ये जॅनेट वादळात नौदलाचं विमान कायमचं नाहीसं झालं, अकरा माणसांसकट, त्यात दोन पत्रकार होते. १९७४ मध्ये बेस या तायफूनमध्ये, म्हणजे पॅसिफिककडच्या तशाच वादळात, हवाई दलाचं एक तसंच गेलं. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला हे माहीत असतं.

मी काय विचारलं ते सांगतो. माझं इंग्रजी गाडीच्या भागांपुरतं, बाकी मुलगी सांगत होती. पहिला प्रश्न: "धुता कधी?" त्या माणसाचा चेहराच खुलला. समुद्रावरून खाली उडालं की मीठ बसतं, अंगावर आणि इंजिनाच्या आतही, म्हणून गोड्या पाण्याने धुणं हा त्यांच्या कामाचा मोठा भाग. ते किती गंभीर प्रकरण आहे ते २००७ मध्ये कळलं होतं. त्या फेब्रुवारीत उत्तर अटलांटिकमधल्या हिवाळी वादळात एका पी-३ च्या चारपैकी तीन इंजिनांनी मिठामुळे हवेतच दम तोडला. ती पुन्हा चालू झाली आणि विमान सुखरूप उतरलं, म्हणून गोष्ट सांगता येते. कोकणातल्या गाड्यांचे पत्रे आम्ही मिठाने खाल्लेले बघितलेत, पण तिथे निदान गाडी रस्त्याच्या कडेला लावता तरी येते.

दुसरा प्रश्न: पावसाने पंख्याच्या पात्यांचं काय होतं? त्याने मला पात्याची पुढची धार दाखवली, बोट फिरवून. हात लावण्यापूर्वी मात्र विचारा, आणि पंख्याच्या फिरण्याच्या कक्षेत उभे राहू नका. इंजिन बंद असलं तरी ती सवय वाईट. नात तिथे फोटोसाठी उभी राहिली तेव्हा मी तिला दंडाला धरून बाजूला केलं. "आबा, बंद आहे ना!" "बंदच असतं, चालू होईपर्यंत." मेकॅनिकने मुलीला विचारलं मी काय म्हणालो म्हणून. तिने सांगितल्यावर त्याने माझ्याशी हात मिळवला.

इतिहासाची आवड असलेलं कोणी तिथे भेटलं तर पहिल्या उड्डाणाचं नक्की बोला. २७ जुलै १९४३. टेक्सासमध्ये कर्नल जोसेफ डकवर्थ वैमानिकांना ढगांतून उपकरणांच्या भरवशावर उडायला शिकवायचा. गॅल्व्हस्टनजवळ हरिकेन आलं तेव्हा तो एटी-६ या एका पंख्याच्या शिकाऊ विमानातून, मार्गदर्शक राल्फ ओ'हेअरला बरोबर घेऊन, मुद्दाम आत गेला आणि परत आला. उतरल्यावर हवामान अधिकारी म्हणाला, मलाही न्या, तर त्याला घेऊन पुन्हा गेला! एकच इंजिन. त्या वेळी ते बंद पडलं असतं तर ह्यूगोसारखी गोष्ट सांगायला कोणी उरलं नसतं.

पटांगणाच्या कडेला टेबलं मांडलेली असतात, जिल्ह्याची आपत्कालीन यंत्रणा, हवामान सेवा वगैरे. लोक तिथून पिशवी आणि पेन उचलून पुढे जातात. तिथे थांबून एकच काम करा: तुमचा पत्ता सांगून तुमचं घर स्थलांतराच्या कोणत्या पट्ट्यात येतं ते विचारा. फ्लोरिडात हे पट्टे ए, बी, सी अशा अक्षरांनी ओळखतात, ए आधी रिकामा करतात. मुलगी त्या घरात सहा वर्षं राहत होती आणि तिला स्वतःचं अक्षर माहीत नव्हतं. बी निघालं.

आणि कार्यक्रम संपला की गाडी लगेच काढू नका. विमानांना दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शहरात असायचं असतं, त्यामुळे बऱ्याचदा ती त्याच संध्याकाळी निघतात. कुंपणाबाहेर धावपट्टी दिसेल अशी जागा बघून ठेवा. चार इंजिनं एकदम चालू होत नाहीत, एकेक करून होतात, आणि शेवटचं पकडलं की थोडा वेळ आवाज लाटेसारखा खालीवर होतो, मग चारही पंखे एका लयीत येतात आणि सूर सपाट होतो. तिसऱ्या वर्षी मी कुंपणाला कान लावल्यासारखा उभा होतो. बायको गाडीत काचा वर करून, एसी लावून बसली होती. विमान उडाल्यावर मी आत जाऊन बसलो तेव्हा म्हणाली, "काय झालं? बिघाड सापडला का?" मी म्हटलं, नाही, धुतलेलं दिसतंय.